गळती विचारते ‘कुठे’, फाइल सांगते ‘कधी’

गेल्या महिन्यात या सदराच्या शेवटी मी वाचकांना एकच प्रश्न विचारला होता: तुमच्या इमारतीचे आरसीसी नकाशे, म्हणजे काँक्रीटच्या आतल्या सळ्या दाखवणारे नकाशे, आत्ता कुठे आहेत? ‘बिल्डरकडे असतील’ हे उत्तर सर्वांत जास्त आलं. त्याखालोखाल ‘जुन्या सेक्रेटरींना विचारावं लागेल’. एका गृहस्थांनी ‘असे नकाशे असतात का?’ असं उलट विचारलंय. मला तेच उत्तर सगळ्यांत प्रामाणिक वाटलं. मी ठाण्यात इमारत दुरुस्तीच्या सल्ल्याचं काम करते, त्यामुळे यातल्या कशाचंच मला आश्चर्य नाही. राग मात्र दर वेळी नव्याने येतो. नकाशा नसला की आम्हाला भिंतीला विचारावं लागतं, म्हणजे छिन्नी-हातोडा घ्यावा लागतो, आणि त्याचं बिल शेवटी सोसायटीच भरते.

या वेळी फक्त कागदपत्रांबद्दलची पत्रं घेतली आहेत. ती थोडी आखूड केली आहेत आणि नावं काढली आहेत.

*

आमची इमारत १९९४ सालची, फ्लॅट २८. मी यंदा सेक्रेटरी झाले. आधीच्या कमिटीने चार्ज देताना दोन लोखंडी कपाटं आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांमध्ये भरलेले कागद दिले. वर्षवार फायली आहेत, पण प्लंबरने ‘हा पाइप कुठून येतो’ असं विचारलं तर त्यातून काही निघत नाही. इमारतीचा एकही नकाशा नाही. बिल्डरने केव्हाच गाशा गुंडाळला. काय ठेवू, रद्दीत काय देऊ, आणि नकाशे आणू कुठून?
– एक सेक्रेटरी, डोंबिवली पूर्व

आधी रद्दीवाल्याला थांबवा. एका रविवारी सगळं गच्चीवर नको (वारा असतो), हॉलमध्ये किंवा जिन्याखालच्या मोकळ्या जागेत पसरा आणि तीन ढीग करा.

पहिला ढीग मालकीचा. अभिहस्तांतरणाचा (जमीन-इमारत सोसायटीच्या नावे झाल्याचा) दस्त किंवा मानीव अभिहस्तांतरणाचा आदेश, इंडेक्स टू, सातबारा किंवा मिळकत पत्रिका, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचा नोंदणी दाखला. हे मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये. लॉकर सोसायटीच्या नावाने घ्या, दोघांच्या सहीने उघडणारा. रोजच्या वापराला झेरॉक्स.

दुसरा ढीग सहकार खात्याचा. आय आणि जे नमुन्यातल्या नोंदवह्या, शेअर सर्टिफिकिटांची वही, नॉमिनेशन, इतिवृत्तं, ऑडिट रिपोर्ट. याबद्दल मी फार बोलणार नाही. ऑडिटर दर वर्षी मागतो, म्हणून हा ढीग आपोआप नीट राहतो.

तिसरा ढीग इमारतीचा स्वतःचा. पाइप, टाक्या, वायरिंग, वॉटरप्रूफिंग, लिफ्ट, दुरुस्त्या. तो दर वर्षी कोणी मागत नाही आणि म्हणूनच तो आधी हरवतो. तुमच्या पत्रातलं प्लंबरचं वाक्य वाचलं आणि वाटलं, रोग बरोबर सापडलाय. तुमच्या फायली वर्षवार आहेत. हिशेबाला तेच हवं असतं, कारण हिशेब ३१ मार्चला संपतो. गळतीला साल नसतं, तिला जागा असते. ३०३ च्या नहाणीखाली ओल आली की तुम्हाला २०११ ची फाइल उघडायची की २०१६ ची, हे फाइल सांगत नाही. ते माहीत असलेले काका तोवर मुलाकडे बंगळूरला राहायला गेलेले असतात.

म्हणून व्हाउचर आणि बिलं जशी आहेत तशीच वर्षवार राहू द्या, ऑडिटरच्या वाटेला जाऊ नका. त्याशेजारी एक नवी जाडजूड वही करा आणि तिच्यात पानं जागेच्या नावाने पाडा. डक्ट (पाइप उतरतात ती उभी पोकळी) १, डक्ट २, गच्चीचा पूर्व भाग, पश्चिम भाग, वरची टाकी, भूमिगत टाकी, मीटर रूम, लिफ्टची मशिन रूम, ड्रेनेजचे चेंबर. डक्टला नंबर आधीपासून नसतील तर तुम्हीच द्या आणि तेच नंबर तेलरंगाने डक्टच्या दारावर लिहा. मग त्या पानावर नोंदी अशा येतात:

डक्ट ३ – फ्लॅट १०३, २०३, ३०३, ४०३ च्या नहाण्या. मार्च २०११: ३०३ मध्ये जुना कोबा काढून वॉटरप्रूफिंग, नवीन ट्रॅप. व्हाउचर अमुक. मे २०१६: बिडाचा डाऊनटेक पाइप काढून पीव्हीसी टाकला, चौथ्यापासून दुसऱ्या मजल्यापर्यंतच. खाली बीडच आहे.

ते शेवटचं वाक्य पाहा. बिलावर ते कधीच नसतं. बिलावर ‘पाइप बदलणे, एकूण इतके फूट’ एवढंच असतं. पण पहिल्या मजल्याच्या छताला ओल आली की अनुभवी प्लंबर पहिला संशय त्या बीड-पीव्हीसीच्या सांध्यावर घेतो, आणि तो सांधा कुठल्या उंचीवर आहे हे वहीत असेल तर एक टाइल काढून काम भागतं. नसेल तर १०३ ची अख्खी नहाणी उकरली जाते. काम कुठपर्यंत झालं आणि कुठे थांबलं, हे लिहायला विसरू नका. माझ्या मते अख्ख्या नोंदीतला तोच सर्वांत मोलाचा भाग आहे.

जुन्या फायली चाळून ही वही भरायला तुम्हाला एक उन्हाळा लागेल. निवृत्त सभासदांपैकी कोणाला तरी हे काम आवडतं असा माझा अनुभव आहे. त्यांना शोधा.

आता नकाशे. बिल्डर गेला तरी आर्किटेक्टचं नाव कुठे ना कुठे असतं. एखादा जरी नकाशा मिळाला तरी त्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात आर्किटेक्ट आणि बऱ्याचदा आरसीसी सल्लागार यांची नावं सापडतात. तो पहिला नकाशा मिळवायची सोपी जागा म्हणजे सभासदांची कपाटं. ज्यांनी कर्ज काढून फ्लॅट घेतला, त्यांच्याकडे बँकेने मंजूर नकाशाची प्रत मागितलेली असते, आणि तिचीच एक झेरॉक्स घरच्या फाइलमध्ये राहते. विक्री करारनाम्याला मजल्याचा नकाशा जोडलेला असतो. २८ घरांत एक नोटीस फिरवा. नाहीच मिळालं तर दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेल्या करारनाम्याची प्रत मागवा.

महापालिकेच्या नगररचना विभागाकडे मंजूर नकाशाच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. टोलवाटोलवी झाली तर माहितीचा अधिकार आहे: अर्जाला १० रुपये, साध्या पानाला २ रुपये, मोठ्या नकाशाला प्रत्यक्ष खर्च, आणि उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात सर्व्हे नंबर, इमारतीचं मूळ नाव आणि बांधकाम परवानगीचा क्रमांक हवाच. सोसायटीचं आजचं नाव त्यांच्या दप्तरात नसतं, बिल्डरच्या योजनेचं नाव असतं. यावरच निम्मे अर्ज परत येतात.

मात्र पालिकेकडून मिळेल तो आर्किटेक्टचा मंजूर नकाशा. त्यात खोल्या दिसतात, लोखंड दिसत नाही. आरसीसी नकाशे सल्लागाराकडे मिळाले तर नशीब. नाहीतर मोठ्या दुरुस्तीच्या आधी एकदा पैसे खर्चून इमारत मोजून घ्या: कॉलम कुठे, बीम कुठे, स्लॅबची जाडी किती, आणि मोजक्या ठिकाणी यंत्राने सळ्यांचा व्यास आणि अंतर. १९९४ च्या इमारतीत एक गोष्ट नकाशाशिवायही धरून चालता येते. त्या काळी आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाची १९७८ ची आवृत्ती लागू होती आणि एम १५ या कमी मजबुतीच्या प्रतीचं काँक्रीट सर्रास वापरलं जाई. २००० च्या आवृत्तीने आरसीसीसाठी एम २० ही किमान पातळी केली. म्हणजे गच्चीवर वजन चढवायची कोणतीही योजना आली, मोबाइल टॉवर असो की बाग, तर आधी मोजमाप आणि मगच सही.

*

बाणेरला आमची नवी इमारत आहे. सोसायटी नुकतीच झाली. बिल्डरच्या माणसाने एक पेन ड्राइव्ह दिला आणि ‘सगळी कागदपत्रं मिळाली’ अशा पत्रावर सही मागतोय. करावी का?
– कमिटी सदस्य, पुणे

नाही. आधी उघडून पाहा.

रेरा कायद्याच्या कलम १७ प्रमाणे भोगवटा प्रमाणपत्र मिळून ताबा दिल्यावर, सामाईक भागांच्या नकाशांसह आवश्यक कागदपत्रं रहिवाशांच्या संस्थेला देणं विकासकावर बंधनकारक आहे. तो उपकार करत नाही. आणि कलम १४ प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामात किंवा सेवांमध्ये दोष निघाला, तर कळवल्यापासून ३० दिवसांत त्याने विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. त्यामुळे ताब्याची पत्रं, प्रत्येक फ्लॅटची, एका ठिकाणी जमा करा. पाच वर्षं तिथूनच मोजली जातात.

पेन ड्राइव्हमध्ये बहुधा विक्रीच्या माहितीपत्रकाचे नकाशे आणि मंजूर नकाशे असतील. तुम्हाला हवे आहेत ते ॲज-बिल्ट, म्हणजे प्रत्यक्षात जसं बांधलं तसे. मंजुरीनंतर जागेवर पाइप सरकतात, चेंबर हलतात, केबलचा मार्ग बदलतो. पीडीएफबरोबर मूळ डीडब्ल्यूजी, म्हणजे संगणकावर बदलता येणारी, फाइलही मागा. उद्या बदल करायचा झाला तर पीडीएफवर काम करता येत नाही. विजेची सिंगल लाइन आकृती, पाण्याची आणि ड्रेनेजची आकृती, अर्थिंगचे खड्डे कुठे आहेत आणि त्यांची मोजणी, फायरच्या पाइपचा नकाशा, लिफ्टचा परवाना, पंपांची माहितीपत्रकं, काँक्रीटच्या क्यूब चाचण्यांचे अहवाल. सांडपाणी प्रकल्प असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतिपत्रं आणि प्रकल्प चालवायची पुस्तिका. वॉटरप्रूफिंगच्या हमीपत्रावर कोणता भाग, कोणती पद्धत आणि हमी कोणाला, हे तिन्ही पाहा. हमी बिल्डरच्या नावाने असेल तर ती सोसायटीच्या नावावर करून घ्या. बिल्डर बाहेर पडल्यावर ठेकेदार तुम्हाला ओळखणार नाही.

मग खरी परीक्षा. पाण्याचा नकाशा हातात घ्या, गच्चीवर जा, नकाशात ‘बी विंग, ०२ ची रांग’ लिहिलेला व्हॉल्व्ह बंद करा आणि खाली फोन लावा. ०२ चं पाणी गेलं तर नकाशा खरा. ०४ वाल्या आजी ओरडायला लागल्या तर नकाशा परत पाठवा. अशा पाच-सहा व्हॉल्व्हची आणि दोन-तीन एमसीबींची (विजेच्या खटक्यांची) तपासणी करा. एका सकाळचं काम आहे, आणि मी आजवर कोणत्याही विकासकाच्या प्रतिनिधीला या तपासणीच्या वेळी शांत उभं राहिलेलं पाहिलेलं नाही.

पोचपावती जरूर द्या, पण ‘सोबतच्या यादीप्रमाणे मिळाले, खालील मिळाले नाही’ अशी.

*

आमच्या २२ मजली इमारतीत दर महिन्याला कोणाचं तरी इंटिरिअर चालू असतं. ठेकेदार भिंती कोरतात, एसीचे पाइप काढतात. थांबवावं तर सभासद म्हणतात, घर आमचं आहे. कागदपत्रांचा इथे काही उपयोग होईल का?
– चेअरमन, खराडी

उपयोग? तुमच्या बाबतीत कागद हेच एकमेव हत्यार आहे. इतक्या उंच नव्या इमारती बऱ्याचदा ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या असतात, ज्याला बाजारात सगळे मिवान म्हणतात. त्यात विटांची भिंत जवळपास नसतेच. जी भिंत दिसते ती काँक्रीटची, सळई असलेली आणि वरचं ओझं वाहणारी. तिच्यात आडवी खाच मारणं म्हणजे कॉलमला खाच मारणं. पण दिसायला ती साध्या भिंतीसारखीच दिसते, आणि इंटिरिअरवाल्याच्या कारागिराला ते कोण सांगणार? काही इमारतींत स्लॅब पोस्ट-टेन्शनिंगच्या असतात, म्हणजे आत ताणलेल्या केबल. त्यात फॉल्स सीलिंगसाठी बेधडक ड्रिल मारलं तर काय होईल, ते मला लिहायचंही नाही.

तुमच्या मजल्याच्या आरसीसी नकाशावरून एक रंगीत पान करून घ्या. ज्या भिंतींना हात लावायचा नाही त्या लाल. प्रत्येक प्रकारच्या फ्लॅटचं एक. हे पान कामाच्या परवानगी अर्जाच्या मागे छापा आणि त्यावर सभासदाबरोबर ठेकेदाराचीही सही घ्या. एक पान कारागिरांसाठी फ्लॅटच्या आत चिकटवायला लावा, हिंदीत.

दुसरं, तुम्ही डिपॉझिट घेतच असाल. ते परत देण्याची अट बदला. नुसता मलबा उचलला म्हणून नव्हे, तर टाइल बसवण्याआधी उघड्या पाइपांचे आणि वायरिंगचे फोटो दिले तर परत. फोटोत भिंतीवर खडूने फ्लॅट नंबर आणि तारीख, आणि शेजारी धरलेली मोजपट्टी. हे फोटो, वर पहिल्या उत्तरात सांगितलेल्या जागावार वहीत, त्या डक्टच्या पानाला जोडा. सोसायटीचा एक पैसा न जाता इमारतीच्या आतला नकाशा दर इंटिरिअरबरोबर पूर्ण होत जातो.

आणि ‘घर आमचं आहे’ म्हणणाऱ्यांना जुलै २०१७ मधल्या घाटकोपरची आठवण द्या. चार मजली इमारत पडली, १७ माणसं गेली, आणि तळमजल्यावर तेव्हा नूतनीकरणाचं काम चालू होतं.

*

कमिटी कोणताच कागद दाखवत नाही. ‘सभासदाला काय करायचंय’ म्हणतात.
– नाशिकचा एक सभासद

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधली सभासदाच्या कागद पाहण्याच्या हक्काची तरतूद वाचायला द्या. उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, सर्वसाधारण सभेची आणि कमिटीची इतिवृत्तं, सभासदांची नोंदवही हे सभासदाला विनामूल्य पाहायला मिळतं, आणि फी भरून प्रती मिळतात. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी मागू नका. जुनी कमिटी दप्तरच सोडत नसेल तर ते ताब्यात घेण्याची कारवाई करायचे अधिकार निबंधकांना कलम ८० खाली आहेत.

इमारतीचे नकाशे आणि दुरुस्तीची वही मात्र मी अशा मागणीची वाट न पाहता सर्वांना खुली ठेवीन. त्यात लपवायचं काय असतं? उलट नॉमिनेशन, पॅन कार्डच्या प्रती, सभासदांचे करारनामे हे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी सहज टाकतं, आणि तिथे कोणी आक्षेप घेत नाही. आपल्याकडे लाज नेमकी उलट्या जागी वाटते.

*

पाच वर्षांपूर्वी स्ट्रक्चरल ऑडिट केलं होतं. आता पुन्हा करायचं आहे. नवीन ऑडिटर म्हणतात, जुना रिपोर्ट नको, आम्ही सगळं नव्याने तपासू. मग जुना रिपोर्ट ठेवून काय करायचं?
– खजिनदार, मुलुंड

ऑडिटर बदला. हे थोडं जास्त झालं असेल, पण जुना एक्स-रे नको म्हणणाऱ्या हाडांच्या डॉक्टरकडे तुम्ही गेला असता का?

आदर्श उपविधींप्रमाणे इमारत १५ ते ३० वर्षांची असताना दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांनंतर दर ३ वर्षांनी ऑडिट करायचं असतं. मुंबईत ३० वर्षांपुढच्या इमारतीला मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब खाली स्थैर्याचं प्रमाणपत्रही द्यावं लागतं. बहुतेक सोसायट्या हे ऑडिट प्रमाणपत्रासाठी करतात आणि रिपोर्ट बासनात बांधून ठेवतात. त्यातली कामाची गोष्ट प्रमाणपत्र नसून आकडे आहेत, आणि दोन ऑडिटचे आकडे शेजारी ठेवले तरच ते बोलतात.

एकच उदाहरण देते. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये हळूहळू आत शिरतो आणि सळईला गंजापासून वाचवणारा काँक्रीटचा अल्कधर्मी गुण मारतो. तो किती आत गेला हे काँक्रीट फोडून रसायन फवारून मोजतात. ही खोली सरळ वाढत नाही, साधारणपणे वर्षांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. समजा २० वर्षांच्या इमारतीत ती १५ मिलिमीटर निघाली आणि सळईवर काँक्रीटचं आवरण २० मिलिमीटर आहे. तर तो थर सळईपर्यंत पोचेल साधारण ३५-३६ व्या वर्षी. भेगा असतील तर त्याच्या आधीच. आता पुढच्या ऑडिटमध्ये २५ व्या वर्षी त्याच जागी १७ मिलिमीटर आलं तर गणित जमतंय. २० आलं तर तिथे काहीतरी वेगळं घडतंय, कदाचित भेग. हे कळायला जागा तीच हवी. ‘तळमजल्याचा एक कॉलम’ असं रिपोर्टमध्ये असेल तर त्याचा काहीच उपयोग नाही. कॉलमचा नंबर, जमिनीपासून उंची, कोणती बाजू, हे हवं.

म्हणून कामाच्या आदेशातच लिहा: मागच्या चाचण्यांपैकी निम्म्या तरी त्याच जागांवर किंवा अगदी शेजारी घ्यायच्या, आणि सर्व जागा नकाशावर दाखवायच्या. यूपीव्ही (ध्वनिलहरींची), रिबाउंड हॅमर (ठोक्याची), हाफ-सेल (सळईच्या गंजाची), सगळ्या चाचण्यांना हेच लागू. तुमच्या जुन्या रिपोर्टमध्ये जागा नीट लिहिलेल्या नसतील तर या वेळेपासून सुरुवात करा.

दुरुस्ती झाली की ठेकेदाराचं मोजमाप पुस्तक मागून घ्या. बिल पास झालं की ते लोक विसरतात. कोणत्या कॉलमला जॅकेटिंग (भोवती नवं काँक्रीट) झालं, कुठे फक्त पॉलिमर मॉर्टरने मलमपट्टी केली, हे त्यातच असतं.

*

सोसायटीचं ऑफिस पार्किंगमध्ये आहे. २०१९ च्या पुरात दप्तर भिजलं. उरलेलं कसं सांभाळावं?
– सांगली

ऑफिस राहू दे, कपाट वर न्या. किमान दुसऱ्या मजल्यावर, नहाणीच्या भिंतीला न टेकता, जमिनीपासून वीतभर उंच. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा स्टिल्टमधल्या ऑफिसांची हीच गत झाली. तरीही आजही नव्या इमारतींत सोसायटी ऑफिस तळालाच काढतात.

भिजलेले कागद एकमेकांना चिकटले असतील तर ओले असताना ओढू नका. सावलीत, पंख्याखाली सुकवा. उन्हात नको, आणि इस्त्री तर नकोच. जुने निळसर-जांभळे अमोनिया प्रिंट उजेडाने फिके पडतात, त्यामुळे ते फ्रेम करून भिंतीवर लावायचा मोह टाळा. आधी मोठ्या स्कॅनरवर स्कॅन करून घ्या, मग गुंडाळी करून नळकांड्यात ठेवा. घडीवर पहिल्यांदा रेषा जाते. लॅमिनेशन करू नका. ते पुन्हा काढता येत नाही आणि आतला ओलावा आतच राहतो. मिळकत पत्रिकेच्या जुन्या प्रतींना लॅमिनेशन केलेलं पाहिलं की मला त्या सेक्रेटरीच्या उत्साहाचं कौतुक वाटतं आणि रडूही येतं.

*

आम्ही सगळं ऑनलाइन करायचं म्हणतोय. कोणतं ॲप घ्यावं?
– ऐरोली

कोणतंही घ्या, पण वर्गणी बंद केल्यावर सगळ्या फायली बाहेर काढता येतात का, हे आधी विचारा. आणि खातं सोसायटीच्या ईमेलवर उघडा, सेक्रेटरीच्या नव्हे. मी एका सोसायटीला ओळखते, जिच्या नकाशांचा ओटीपी अजूनही कॅनडाला गेलेल्या माजी सेक्रेटरींच्या फोनवर जातो. तिथे रात्र असली की इथे पाइप फुटलेलाच राहतो. सोसायटीच्या नावाचं एक सिमकार्ड घ्या, ते ऑफिसच्या फोनमध्ये राहू द्या. फोल्डरही वर्षाच्या नावाने करू नका, डक्टच्या आणि गच्चीच्या नावाने करा. फायरचा बी फॉर्म (आगीची यंत्रणा चालू असल्याचा सहामाही दाखला) जानेवारी आणि जुलैत येतो, त्याच्यासाठी मात्र तारखेचं फोल्डर ठीक. आणि वही बंद करू नका. वीज गेलेली असताना पंपाचा मार्ग शोधायला मोबाइलच्या छोट्या पडद्यावर ए-झीरो नकाशा उघडून पाहा, म्हणजे कळेल.

*

आमच्या तीन इमारतींची खडान्‌खडा माहिती एकाच प्लंबरकाकांना आहे. वय सत्तरीच्या पुढे. सगळं त्यांच्या डोक्यात. ते गावाला जायचं म्हणतायत. लिहून द्या म्हटलं तर हसतात.
– विलेपार्ले

लिहून मागूच नका. त्यांनी आयुष्यात एक ओळ लिहिली नसेल आणि तुम्ही आता निबंध मागताय. त्यांना इमारतीतून फिरवा. एका तरुण मुलाच्या हातात मोबाइल द्या, व्हिडिओ चालू ठेवा, आणि दुसऱ्याच्या हातात वही. काकांना प्रश्न एवढेच: हा पाइप कुठून येतो, कुठे जातो, तुम्ही कधी उघडला होता, आत काय निघालं? ते म्हणतील, ‘इथं खाली एक चेंबर होतं, त्यावर फरशी टाकली.’ तिथेच थांबा, दोन भिंतींपासून अंतर मोजा, लिहा, मग पुढे. माझा अनुभव असा की झाकलेली चेंबरं आणि जुन्या विहिरीचं तोंड, या दोन गोष्टी कुठल्याही नकाशात नसतात आणि प्लंबरला हमखास माहीत असतात.

त्यांना त्या दिवसांची पूर्ण मजुरी द्या, नेहमीच्या दराने नव्हे, सल्लागाराच्या दराने. नवा प्लंबर ठरला असेल तर त्यालाही बरोबर घ्या. आणि सुरुवात गच्चीपासून करा, सकाळी पाणी सुटतं त्या वेळेला. दुपारी गेलात तर कोणता व्हॉल्व्ह कोणाचं पाणी तोडतो, हे काकांनाही दाखवता येणार नाही.